निर्वासित मुलांच्या मनाचे काय?

काही दिवसांपूर्वी साखरखेर्ड्यात आपल्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. जगातील निर्वासितांच्या प्रश्नावर एक ठराव करावयाचा होता. गाझा, युक्रेन, म्यानमार, मणिपूर अशी चर्चा चालली असता मी सुचविले की, छावण्यांतील मुलांना धान्य, औषध आणि निवारा यांच्याबरोबरच मानसोपचार मिळाले पाहिजेत, ही मागणीही ठरावात असावी. त्यावर शेतमजुरांत उभी हयात घालविलेले एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या मनाचे लाड पुरवायला सवड कोणाला आहे? मन हे भरल्या पोटीचे दुखणे." बैठकीत हशा पिकला. ठराव मूळ स्वरूपात संमत झाला. मुलांच्या मनाचा उल्लेख त्यात आला नाही.

त्या साथींविषयी माझ्या मनात आदरच आहे. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर उपाशी पोटी खडी फोडणारी माणसे ज्याने जवळून पाहिली, त्याच्या तोंडी हे वाक्य येणे स्वाभाविक आहे. परंतु ते वाक्य चूक आहे, असे माझे नम्र मत आहे, आणि ती चूक केवळ त्यांची नाही. आपल्या सबंध डाव्या चळवळीत ती वर्षानुवर्षे मुरलेली आहे. म्हणून तिचा विचार या पानावर व्हावा असे वाटले.

साखरखेर्डा हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते एका लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच परिसरात निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला, मुबारिझखान मारला गेला आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवण्यात आले. या लढाईतून हैदराबादची निजामशाही उभी राहिली, हे शाळेतील मुलांनाही सांगता येते. त्या दिवशी गावातील किती घरे जळाली, किती बाया लेकरे काखेला मारून शिवारात पळाल्या, याची नोंद कोठेही नाही. सेनापतींची नावे राहतात, लेकरांची राहत नाहीत. तीनशे वर्षांनंतर आपण ठराव करतो तेव्हाही तेच होणार असेल, तर दरबारी बखरकारात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

मुलाच्या मनाला होते काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. घर जळताना, बाप मारला जाताना, आईला ओढून नेताना ज्या मुलाने पाहिले, ते मूल छावणीत येऊन पोहोचते तेव्हा धोका मागे पडलेला असतो. मुलाच्या शरीराला मात्र हे ठाऊक नसते. रात्री ते किंचाळून उठते. अंथरूण ओले करण्याची मोडलेली सवय परत येते. भांडे पडले तरी ते दचकते. काही मुले बोलणेच थांबवितात, काही सारा दिवस मारामारी करतात. खेळताना पुन्हा पुन्हा तोच एक खेळ खेळतात, त्यात घर जळते, माणसे मरतात, आणि त्या खेळात आनंद नसतो. वर्गात बसलेले मूल फळ्याकडे पाहत असते, पण त्याला काही ऐकू येत नाही. मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात. सर्वांत वाईट गोष्ट अशी की, लहान मूल झाल्या प्रकाराचा दोष बहुधा स्वतःकडे घेते. आपण हट्ट केला म्हणून उशीर झाला, आपण रडलो म्हणून त्यांना आपला पत्ता लागला, असे त्याला वाटत राहते, आणि हे ते कोणालाही सांगत नाही.

हे भरल्या पोटीचे दुखणे नव्हे. मूल जेवत नाही, झोपत नाही, शिकत नाही, त्यामुळे दिलेले धान्य आणि उघडलेली शाळा दोन्ही वाया जातात. पोट आणि मन यांची अशी वाटणी करता येत नाही, हा मुद्दा मी सर्वांत आधी मांडू इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे युद्धग्रस्त मुलांसाठी बालगृहे चालविली. ॲना फ्रॉइड स्वतः १९३८ मध्ये व्हिएन्नाहून परागंदा झालेल्या निर्वासित होत्या. त्यांच्या निरीक्षणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. बॉम्बवर्षावात आईजवळ राहिलेली लहान मुले जितकी सावरलेली असत, तितकी सुरक्षित खेड्यात परक्यांच्या घरी पाठविलेली मुले नसत. मुलाला बॉम्बपेक्षा ताटातूट अधिक लागते. १९४५ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली सहा अनाथ यहुदी मुले इंग्लंडला आणण्यात आली. वय तीन वर्षांच्या आसपास. ती खेळणी मोडीत, मोठ्या माणसांना चावत, थुंकत; परंतु एकमेकांपासून क्षणभरही वेगळी होत नसत, एकाला खाऊ मिळाला तर उरलेल्यांना मिळेपर्यंत थांबत. आईबाप नसलेल्या या मुलांनी एकमेकांचे आईबाप होऊन दाखविले होते. त्यांना सांभाळणाऱ्यांनी शहाणपण केले ते हे की, त्यांची जूट मोडली नाही. त्या जुटीच्या आधारानेच ती मुले हळूहळू मोठ्या माणसांवर विश्वास ठेवू लागली.

वळिवड्याची छावणी

परंतु या प्रश्नासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे आहे.

१९४० आणि १९४१ मध्ये स्तालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेले. अपराध काय, तर कोणी शेतकरी होता, कोणी वनरक्षक, कोणी शिक्षक, कोणी सैनिकाची पत्नी. उपासमार, थंडी आणि तापाने माणसे मेली. जुलै १९४१ मध्ये पोलंडचे परागंदा सरकार आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाल्यावर वाचलेल्यांना बाहेर पडता आले. त्यांतील बायका आणि मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळच्या बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी शेकडो पोलिश मुलांना १९४२ पासून आश्रय दिला. आणि १९४३ मध्ये पंचगंगेच्या खोऱ्यात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. बहुसंख्य रहिवासी स्त्रिया आणि मुले होती.

या वसाहतीत काय होते ते लक्षपूर्वक पाहावे. बराकी होत्या, परंतु प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा आणि स्वतःची चूल होती. दवाखाना होता. अनाथ मुलांसाठी वसतिगृह होते. प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत शाळा होत्या, आणि त्या मुलांच्या मातृभाषेत चालत. शिक्षक त्यांच्याच देशाचे, त्यांच्यासारखेच हाल सोसलेले. बालवीर पथके होती, गाणी होती, नाटके होती, प्रार्थनामंदिर होते. सण ठरल्या दिवशी येत, शाळेची घंटा ठरल्या वेळी होई. ज्या मुलाच्या आयुष्यात दोन वर्षे कशाचाही भरवसा नव्हता, त्याला उद्या सकाळी काय होणार हे पुन्हा कळू लागले. ही व्यवस्था करणाऱ्यांनी तिला मानसोपचार असे नाव दिले नसेल. आजचे मनोविकारतज्ज्ञ उपचाराची पहिली पायरी म्हणून जे सांगतात, ते मात्र नेमके हेच आहे.

येथे दोन गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, ही मुले ज्या राजवटीने देशोधडीला लावली, ती राजवट स्वतःला समाजवादी म्हणवीत होती. आपल्यापैकी अनेकांनी त्या काळी याकडे डोळेझाक केली. पोलिश मुलाचे दुःख अडचणीचे, म्हणून त्याचा उच्चार नको, अशी ती वृत्ती होती. आजही छळणारा कोण हे पाहून आपला कळवळा जागा होणार असेल, तर तो कळवळा नव्हे. गाझातील मुलासाठी रडावे आणि युक्रेनमधील मुलाचे नाव निघताच आंतरराष्ट्रीय राजकारणाची गुंतागुंत सांगू लागावे, हे आपल्याला शोभत नाही. निर्वासित मुलाला पक्ष नसतो.

दुसरी गोष्ट अशी की, वळिवडे हा सुखान्त नव्हता. युद्ध संपल्यावर पूर्व पोलंड सोव्हिएत हद्दीत गेला, मुलांची गावे नकाशावर राहिली पण त्यांची राहिली नाहीत. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि ती मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. त्यांना दुसऱ्यांदा उखडले गेले. तरीही म्हातारपणी त्यांतील अनेकजण कोल्हापूरला परत आले, जुन्या बराकींच्या खुणा शोधीत फिरले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, त्याचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पाच वर्षे का होईना, पण माणुसकीने मिळालेले घर मूल जन्मभर विसरत नाही.

वळिवड्याच्या मुलांच्याच देशात त्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या यहुदी कोंडवाड्यात डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक करवून घेतले. काही आठवड्यांतच त्या मुलांना ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. सुटकेची संधी असूनही कोर्चाक मुलांबरोबर गेले. ज्या मुलांना वाचविता येणे शक्य नव्हते, त्यांच्याही मनाची काळजी घेणे हे त्या डॉक्टराला चैन वाटले नाही. पोटाला तेथे काय मिळत होते, हे सांगावयास नको.

त्याच बराकी, दुसरी मुले

पोलिश कुटुंबे गेली आणि वळिवड्याच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. आजचे गांधीनगर ते हेच. कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ते साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी बांधवांनी उल्हासनगर वसविले. त्यांच्या उद्योगीपणाचे आपण कौतुक करतो. त्यांतील मुलांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. डॉ. संजीव जैन आणि डॉ. आलोक सरीन या मनोविकारतज्ज्ञांनी २०१८ मध्ये फाळणीच्या मानसिक परिणामांवर एक ग्रंथ संपादित केला. त्या काळच्या भारतीय मनोविकारशास्त्राने या महाभयंकर घटनेबद्दल जवळजवळ मौन पाळले, हे त्यांनी दाखवून दिले आहे. दीड कोटीच्या आसपास माणसे उखडली गेली आणि मनाचे वैद्य गप्प राहिले. त्या मौनाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. जे दुःख बोलले गेले नाही, त्याचा द्वेष झाला, आणि तो द्वेष कोणाच्या राजकारणाचे भांडवल झाला, हे आपल्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मुलांच्या मनाचा प्रश्न राजकारणाबाहेरचा आहे असे मानणाऱ्यांनी एवढ्याच गोष्टीचा विचार करावा.

फाळणीच्या त्या अंधारात समाजवाद्यांनी काही उजेड पाडला, हेही नमूद केले पाहिजे. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या द्वारे फरीदाबाद येथे सरहद्द प्रांतातील निर्वासितांचे सहकारी तत्त्वावर पुनर्वसन करण्याचा प्रयोग केला. दान घेणारा निर्वासित आणि स्वतःचे घर स्वतः बांधणारा निर्वासित यांत अंतर आहे. ज्या मुलाचा बाप लाचारीच्या रांगेतून उठून कामावर जाऊ लागतो, ते मूल अर्धे बरे होते. हा समाजवाद्यांचा मानसोपचारच होता. फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखले नाही.

उपचार म्हणजे नेमके काय?

मानसोपचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातील थंड खोली, कोच आणि तासाला भरमसाट फी घेणारा डॉक्टर उभा राहतो. हा समज दूर झाला पाहिजे. आपत्तीत मानसिक साहाय्य कसे करावे याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये तयार झाली. त्यांत चार थर सांगितले आहेत. सर्वांत खाली सुरक्षितता, अन्न, पाणी, निवारा. तेही अपमान न करता दिलेले. त्याच्यावर कुटुंब आणि समाज यांचा आधार: ताटातूट झालेल्यांची भेट, शाळा, खेळ, सण, शोकविधी. तिसऱ्या थरात शिक्षक, परिचारिका, कार्यकर्ते यांनी थोडे शिक्षण घेऊन दिलेली मदत. आणि अगदी वरच्या, लहानशा थरात तज्ज्ञाचे उपचार. बहुतेक मुले पहिल्या तीन थरांत सावरतात. काही थोड्यांना तज्ज्ञ लागतोच, आणि तो त्यांना मिळाला पाहिजे. आमच्या ज्येष्ठ साथींना मी सांगू इच्छितो की, या रचनेचा पाया भाकरीचाच आहे. परंतु पायालाच इमारत समजू नये.

तज्ज्ञांच्या पद्धतींपैकी एक मला आपल्या दृष्टीने विशेष वाटते. मुलापुढे जमिनीवर एक दोरी पसरतात. ही दोरी म्हणजे त्याचे आयुष्य. जन्मापासून आजपर्यंत जे जे चांगले झाले तेथे फूल ठेवावयाचे, जे वाईट झाले तेथे दगड. मग उपचार करणारा मुलाबरोबर त्या दोरीवरून चालतो आणि एकेका दगडाची गोष्ट क्रमाने, न घाबरता, पुरती सांगावयास त्याला मदत करतो. मनात तुकड्या-तुकड्यांनी रुतलेला प्रसंग अशा रीतीने गोष्ट बनतो, आणि गोष्टीला शेवट असतो. हे तेव्हा घडले, आता घडत नाही, हे मुलाला उमगते. युगांडातील निर्वासितांच्या वसाहतीत ही पद्धत वापरली गेली. तेथे उपचार करणारे सगळे डॉक्टर नव्हते. निर्वासितांतीलच सामान्य माणसांना काही आठवडे शिक्षण देऊन हे काम शिकविले गेले आणि त्याचा गुण आला. दोरी, फुले आणि दगड साखरखेर्ड्यातही मिळतात.

त्याचबरोबर काय करू नये, हेही आज कळलेले आहे. आघात झाल्याबरोबर मुलाला एकदाच बसवून "काय झाले ते सांग" म्हणून सारे वदवून घेण्याने उपकार होत नाही, अपकार होण्याचा संभव असतो. मूल तयार असेल तेव्हा, ओळखीच्या माणसापाशी, त्याच्याच गतीने ते बोलेल. तोपर्यंत त्याला चित्रे काढू द्यावीत, माती कालवू द्यावी, खेळू द्यावे. १९६१ मध्ये ट्युनिशियात आलेल्या अल्जेरियन निर्वासित मुलांच्या चित्रांवरून एक छोटा चित्रपट झाला. आठ वर्षांची ती मुले विमाने, जळती घरे आणि बंदूकधारी शिपाई काढीत होती. वसाहतवादी युद्ध म्हणजे काय, हे त्या चित्रांइतके स्पष्ट कोणत्याही जाहीरनाम्याने सांगितले नसेल.

दोन चुका

अल्जेरियाचा उल्लेख आलाच आहे, तर फ्रान्त्स फॅनन यांचे स्मरण केले पाहिजे. हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ ते १९५६ या काळात अल्जेरियातील ब्लिदा येथील इस्पितळात काम करीत होता. दिवसभर छळाचे बळी त्याच्याकडे येत, आणि छळ करणारे पोलीसही येत. अखेर त्याने राजीनामा दिला आणि तो मुक्तिलढ्यात सामील झाला. समाजच माणसांना वेडे करीत असेल, तर एकेकाला शहाणे करून त्याच समाजात परत पाठविणे हे वैद्याचे काम असू शकत नाही, असे त्याला वाटले. परंतु पुढे ट्युनिसमध्येही त्याने रुग्ण तपासणे सोडले नाही, हे आपण विसरतो. लढा आणि उपचार यांत त्याने निवड केली नाही, दोन्ही केले.

या विषयात दोन चुका संभवतात. पहिली आपली: आधी क्रांती, आधी भाकरी, मनाचे नंतर पाहू. दुसरी चूक सरकारांची आणि काही दानशूर संस्थांची: मुलाच्या मनावर उपचार करा, पण त्याचे घर कोणी जाळले हे विचारू नका. गाझामध्ये डॉ. इयाद सर्राज यांनी १९९० मध्ये सामाजिक मानसिक आरोग्याचे केंद्र सुरू केले. तेथील वैद्यांचा अनुभव असा की, आघातोत्तर विकार ही पुस्तकातील संज्ञा तेथे लागू पडत नाही, कारण आघात संपलेलाच नसतो. ज्या मुलावर आज रात्रीही बॉम्ब पडणार आहे, त्याची भीती हा आजार नव्हे. तेथे पहिला उपचार युद्धबंदी हाच आहे. म्हणून मानसोपचाराची मागणी करताना आपण न्यायाची मागणी सोडता कामा नये. न्यायाची मागणी करताना मूल तोवर थांबेल, असेही समजू नये. मुलाचे बालपण थांबत नाही. सहाव्या वर्षी ज्याची झोप उडाली, त्याला सोळाव्या वर्षी न्याय मिळाला तरी मधली दहा वर्षे त्याची गेलीच.

निर्वासित म्हणजे कोणी दूरदेशीचे, हाही एक गैरसमज. आपल्याच विदर्भात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. मे २०२३ नंतर मणिपूरमध्ये साठ हजारांच्या आसपास माणसे घरदार सोडून छावण्यांत आली. ती तर आपल्याच देशाची नागरिक. तरीही भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तर धर्म पाहून आश्रय द्यावयाचा पायंडा पाडला. रोहिंग्या मुलाची गणना त्यात होत नाही. परंतु १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आहे. त्याचे एकोणचाळिसावे कलम युद्ध, छळ आणि अत्याचार यांना बळी पडलेल्या मुलाच्या शारीरिक व मानसिक पुनर्वसनाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. त्यात मूल कोणत्या धर्माचे, हे विचारलेले नाही. म्हणजे मी ठरावात जी ओळ घालू पाहत होतो, ती लाड पुरविण्याची नव्हती. देशाने दिलेल्या शब्दाची आठवण करून देण्याची होती.

आपल्या दारात

आता अखेरचा आणि मला सर्वांत जवळचा मुद्दा. साखरखेर्ड्यात बसून आपण मणिपूरच्या वा गाझाच्या मुलाच्या उशाशी जाऊ शकत नाही. परंतु ज्याला आपल्या आळीतील मुलाचे मन दिसत नाही, त्याचा दूरच्या मुलाविषयीचा ठराव कागदी राहतो. बुलढाणा जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. ज्या मुलाने गोठ्यात लटकलेला बाप पाहिला, ते मूल निर्वासित नव्हे, हे मला मान्य आहे. शब्दांची सरमिसळ करू नये. पण घर असूनही त्याचे घर गेलेले असते. जिगाव प्रकल्पासाठी ज्यांची गावे उठली, त्यांची मुलेही जुन्या शाळेला, जुन्या पाराला आणि सवंगड्यांना मुकतात. त्यांना लागणारी शुश्रूषा त्याच प्रकारची आहे.

आपण काय करतो? सरकार आत्महत्येची प्रकरणे पात्र आणि अपात्र अशी वेगळी काढते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये. बापाचे मरण अपात्र ठरल्याचे पोराच्या कानावर पडते, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याची कल्पना त्या रकान्यात नाही. पण सरकारला बोल लावून आपण मोकळे होऊ नये. मदतवाटपाच्या सभांत बापाचा फोटो हातात देऊन लहान पोराला व्यासपीठावर आपणही उभे केले आहे. मोर्चाच्या पहिल्या रांगेत त्याला आपणही चालविले आहे. अशा एका सभेत मी स्वतः सूत्रसंचालन केले होते. छायाचित्रकार म्हणाला, मुलाला जरा पुढे घ्या. मी घेतले. मूल रडले नाही, इकडे-तिकडे पाहिले नाही, दगडासारखे उभे राहिले. लोक म्हणाले, पोर किती धीराचे आहे! तो धीर नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा समजले. त्या मुलाची मी क्षमा मागितलेली नाही. हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये आला, आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क मानला. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. त्याच्या नावात शेतकरी आहे, मागे राहिलेले त्याचे मूल नाही. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. आपल्या भागातून जवळचे म्हणावे ते नागपूर, म्हणजे बाईची तीन दिवसांची मजुरी आणि एस. टी. चे भाडे. मुलांच्या मनाची जाण असलेला माणूस ठरल्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात यावा, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि आशा कार्यकर्तींना याचे शिक्षण मिळावे, आणि मदतवाटपात मुलांचे प्रदर्शन बंद व्हावे, या मागण्यांसाठी आपण तहसीलवर जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला दूरध्वनीवर विनामूल्य मिळतो, हे तरी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिता येईल. त्याला मोर्चा लागत नाही, चुना आणि ब्रश पुरतो.

आणि काही कामे मागणीवाचूनही होण्यासारखी आहेत. साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेल्या सेवा दलाच्या शाखांत संध्याकाळी मुले जमत, खेळत, गात, गोष्टी ऐकत. त्या शाखा गावोगाव थंडावल्या. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या माणसाने रोज भेटणे, याचे मोल मोडलेल्या मुलाला किती असते, हे वर वळिवड्याच्या निमित्ताने सांगितलेच आहे. आठवड्यातून तीन दिवस जरी कोणी एक कार्यकर्ता मैदानावर हजर राहिला, आणि एकही दिवस न चुकता राहिला, तरी पुष्कळ होईल. ज्याला वेळ नाही त्याने सुरुवातच करू नये. अर्ध्यावर सोडून जाणारी माणसे त्या मुलाने आधीच पाहिलेली असतात.

पुढील बैठकीत मी ती ओळ पुन्हा मांडणार आहे. ज्येष्ठ साथी हजर असतीलच. त्यांनी विरोध केला तर करावा, परंतु या वेळी हशा होऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.